मुळावरचा कब्जा

दात जोराने घासल्याने, कीटण साचल्याने किंवा वर्षानुवर्षे मशेरी लावल्याने हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले आणि थंड पाण्याची चूळ भरताच कळ मस्तकात जाऊ लागली, म्हणजे ते मूळ कसेही करून झाकावे, एवढीच इच्छा प्रथम होते. ती पुरविण्यासाठी ग्रूप व वॉरेन यांनी १९५६ साली शेजारची हिरडी सरकवून आणली आणि १९८५ साली लँगरद्वयाने टाळूतील ऊतींचे कलम प्रचारात आणले. परंतु मूळ झाकले जाणे वेगळे आणि हिरडी मुळाशी पूर्ववत जोडली जाणे वेगळे. निरोगी मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, त्यात रोवलेले तंतू दाताला हाडाशी व हिरडीशी बांधून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र पृष्ठत्वचेच्या पेशी चपळाईने खाली उतरून मुळाला नुसत्या चिकटून राहतात, आणि तंतूंना जागाच उरत नाही.

रिकाम्या मुळावर ज्या पेशी आधी पोचतील त्यांचाच कब्जा तेथे बसतो, आणि खरा जोड घडविण्याचे सामर्थ्य दात व हाड यांच्यामधील बंधातल्या पेशींत आहे, हा विचार मेल्चर यांनी १९७६ साली मांडला. स्वीडनमधील नायमन, लिंडे, कॅरिंग व रायलँडर यांनी १९८२ साली त्याची कसोटी पाहिली, ती रोगाने जर्जर झालेल्या खालच्या पटाशीच्या एका दातावर: प्रयोगशाळेत द्रव गाळण्यासाठी वापरतात तसल्या गाळणीचा तुकडा हिरडी व मूळ यांच्यामध्ये ठेवून त्यांनी त्वचेला मज्जाव केला, आणि तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा नवे सिमेंटम आणि त्यात रोवलेले तंतू स्पष्ट दिसले. आपला दात व आपली जखम या परीक्षेसाठी देणाऱ्या त्या अनामिक रोग्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. १९९२ साली इटलीतील पिनी प्राटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच पडदा मागे सरलेल्या हिरडीसाठी वापरून पाहिला.

पडद्याने त्वचेला अडविले. बंधातल्या पेशींना आमंत्रण देण्याचा उपाय मात्र दाताच्या गर्भावस्थेतूनच आला. मूळ घडत असताना एनॅमलची प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर येतात व सिमेंटमच्या उत्पत्तीला चालना देतात, असे जाणून स्टॉकहोमचे हॅमरस्ट्रॉम यांनी डुकराच्या कोवळ्या दंतांकुरांतून ती प्रथिने मिळविली व १९९७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज शल्यचिकित्सक मूळ स्वच्छ करून त्यावर दोन मिनिटे ईडीटीए हे रसायन ठेवतो, ते धुऊन काढून रक्ताचा स्पर्श होण्यापूर्वी या प्रथिनांचा दाट लेप पसरतो आणि हिरडी ओढून शिवतो. शरीराच्या उष्णतेने लेप पातळ होतो, प्रथिने मुळावर बसतात. तथापि दोन दातांमधले हाडच झिजले असेल, तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा धरता येत नाही, हे मिलर यांनी १९८५ सालच्या आपल्या वर्गवारीत नमूद केले होते, आणि पडदा वा लेप यांच्यामुळे त्या मर्यादेत फारसा फरक पडलेला नाही.