कडुनिंब, मालकांगोणी आणि संगणक : औषधशोधाच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाच्या साहाय्याने औषधे शोधण्याची पद्धती सर्वस्वी नवी आहे, असे सामान्यतः मानले जाते. पद्धती नवी आहे हे खरे. परंतु तिने निवडलेली द्रव्ये पुष्कळदा जुनीच असतात. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगासंबंधी २००६ साली झालेले संशोधन याचे बोधप्रद उदाहरण होय.

या रोगाची वाढ पौरुष संप्रेरकावर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. वृषणे काढल्यास किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यास रोग ओसरतो, या त्यांच्या शोधास १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हा दिलासा बहुधा तात्पुरता ठरतो. संप्रेरक अत्यल्प असतानाही त्याचे ग्राही प्रथिन पेशीत कार्यरत राहते व रोग उलटतो. तेव्हा संप्रेरकाऐवजी ग्राहीच निकामी करता येईल काय, हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाकडे जाणारी एक वाट जनुकांच्या अभिव्यक्तीतून निघाली. पेशीतील हजारो जनुकांपैकी कोणते किती प्रमाणात कार्य करीत आहे, हे एकाच वेळी मोजता येऊ लागले होते. अमेरिकेतील ब्रॉड संस्थेत जस्टिन लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६४ द्रव्यांचा मानवी पेशींवर प्रयोग करून, प्रत्येक द्रव्यामुळे कोणती जनुके चढली व कोणती उतरली, याच्या क्रमवार याद्या तयार केल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा संग्रह ‘कनेक्टिव्हिटी मॅप’ या नावाने ओळखला जातो. एखाद्या नव्या द्रव्याची जनुकीय खूण या याद्यांशी ताडून पाहिली, की ती कोणाशी जुळते व कोणाच्या विरुद्ध जाते, हे संगणक सांगतो. दोन द्रव्यांच्या रचनेत साम्य असण्याची त्यास गरज नसते.

त्याच वर्षी हेली हिरॉनिमस व सहकारी यांनी ही पद्धती पुरःस्थ ग्रंथीच्या कर्कपेशींस लावली. संप्रेरक मिळाल्यावर पेशीत उमटणारी खूण त्यांनी प्रथम निश्चित केली आणि ती पुसून टाकणारी द्रव्ये सुमारे २,५०० द्रव्यांतून शोधली. त्यांत सेलॅस्ट्रॉल व गेड्युनिन ही दोन पुढे आली. ती कार्य कशी करतात, हे अज्ञात होते. संग्रहाशी तुलना करता त्यांची खूण ‘एचएसपी ९०’ या प्रथिनास रोखणाऱ्या द्रव्यांशी जुळली. ग्राहीस योग्य आकारात धरून ठेवणारे हेच ते प्रथिन. त्यास रोखले की ग्राही नष्ट होते. हे अनुमान पुढे प्रयोगशाळेत पडताळले गेले.

आता या दोन द्रव्यांची वंशावळ पाहू. गेड्युनिन हे पश्चिम आफ्रिकेतील ‘गेडू नोहोर’ वृक्षावरून नाव मिळालेले द्रव्य आपल्या कडुनिंबातही आढळते. सेलॅस्ट्रॉलचे नाव ज्या सेलॅस्ट्रस प्रजातीवरून पडले, तीतच आपली मालकांगोणी मोडते. याच सेलॅस्ट्रॉलचा मेथिल एस्टर म्हणजे प्रिस्टिमेरिन. हे जंतुनाशक द्रव्य एका भारतीय वेलीपासून वेगळे केल्याचे एस. एस. भटनागर व पी. व्ही. दिवेकर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केले. त्याच्या रचनेविषयी कुलकर्णी व शहा यांनी १९५४ साली लिहिले. वनस्पतींतील द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी करणाऱ्या त्या पिढीसमोर कर्कपेशीतील ग्राहीचा प्रश्न नव्हता. तरीही अशा परिश्रमांनी भरलेल्या फडताळावाचून संगणकास निवड करावयास काहीच उरले नसते.

२०१७ साली हा संग्रह तेरा लाखांहून अधिक नोंदींपर्यंत वाढला. परंतु नोंदी वाढल्या म्हणून अनुमानाचे स्वरूप पालटत नाही. संगणक उमेदवार सुचवितो. औषध ठरविण्याचे काम मात्रा, विषारीपणा आणि रुग्णांवरील चाचण्या यांचे आहे. सेलॅस्ट्रॉल व गेड्युनिन यांपैकी एकही या रोगावरील मान्य औषध झालेले नाही. नाशिकच्या द्वारका भागात काय किंवा कोकणातील खेड्यात काय, गुढीपाडव्यास कडुनिंबाची पाने भक्तिभावाने खाल्ली जातात. त्या पानास कर्करोगाचे औषध म्हणणे हे या संशोधनाचे फलित नव्हे, विपर्यास होय. पेशीवर मोजून घातलेला शुद्ध रेणू आणि चघळलेले पान यांत जे अंतर आहे, तेच तोडण्यात औषधशास्त्राचे बहुतेक आयुष्य खर्ची पडते. रुग्णाच्या आशेशी व्यवहार करणाऱ्या संशोधकाने हे अंतर स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.