शिल्पातील श्रमिक माणूस : वि. पां. करमरकरांच्या शिल्पांच्या निमित्ताने

प्रस्तावना

पुतळा कोणाचा उभारावा, हा प्रश्न कलेइतकाच इतिहासाचाही आहे. ॲबस्टीनिया सेंट लेजर एबर्ली (१८७८-१९४२) या अमेरिकन शिल्पकर्तीने न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीतील मुले व कष्टकरी स्त्रिया यांना आपल्या शिल्पांचा विषय केले. वेश्याव्यवसायासाठी होणारी कोवळ्या मुलीची विक्री दाखविणारे तिचे शिल्प १९१३ साली वादग्रस्त ठरले. महाराष्ट्रातील तिचे समकालीन शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांनी सामान्य माणसाला कोणते स्थान दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

करमरकरांचे गाव अलिबागजवळील सासवणे. तेथील देवळाच्या भिंतीवर त्यांनी रेखाटलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकरांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेता आले. पुढे कलकत्त्यात त्यांनी शिल्पशाळा चालविली, लंडनमध्ये अध्ययन केले. पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याने (१९२८) त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

तथापि सासवणे येथील त्यांच्या घरातील संग्रहालयात वेगळे करमरकर भेटतात. तेथे कोळी स्त्री आहे, गावकरी आहेत, म्हैसही आहे. आणि त्यांतील अनेक शिल्पे सिमेंटची आहेत. येथे माध्यमाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. ब्राँझ खर्चिक, त्यासाठी आश्रयदाता लागतो, आणि आश्रयदाता थोर पुरुषाचाच पुतळा मागतो. कोळणीच्या पुतळ्यासाठी वर्गणी कोण जमविणार? स्वस्त सिमेंटने करमरकरांना ही मोकळीक दिली.

एबर्लीशी त्यांचे साम्य मात्र येथेच थांबते. तिचे शिल्प अन्यायावर बोट ठेवते. करमरकरांची शिल्पे निषेध नोंदवीत नाहीत. ती श्रमिकाला प्रतिष्ठा देतात, त्याच्या दारिद्र्याची कारणे विचारीत नाहीत. ही त्यांची मर्यादा मान्य करूनही, ज्यांचे चेहरे इतिहासाने टिपले नाहीत, त्यांचे चेहरे त्यांनी जपले, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यापासून पिंपरी-चिंचवड व पुढे चाकण हा परिसर कामगारांच्या श्रमांवर वाढला. निगडीतील भक्ती-शक्ती शिल्प या नगरीचा वारसा सांगते. तिचे वर्तमान घडविणाऱ्या हातांचे शिल्प कोण घडविणार, हा प्रश्न सासवण्याच्या सिमेंटमधील माणसे आपल्यापुढे ठेवतात. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.