मकाती : जहागिरीचे शहर

फिलिपिन्समधील मनिलाच्या आग्नेयेला, पासिग नदीकाठी मकाती आहे. टागालोग भाषेत ‘काती’ म्हणजे ओहोटी. नाव विचारणाऱ्या स्पॅनिश सरदाराला गावकऱ्याने ओसरणारे पाणी दाखवले आणि तेच गावाचे नाव पडले, अशी कथा सांगतात. अशा कथा गावोगाव असतात. हिच्यावरही फार विसंबू नये.

स्पॅनिश अमदानीत ही जमीन जेझुइट पाद्र्यांकडे होती. 1768 मध्ये त्यांची हकालपट्टी झाल्यावर ती सरकारजमा झाली आणि पुढे विकली गेली. 1851 मध्ये होसे बोनिफासिओ रोहास यांनी ही ‘हासिएन्दा सान पेद्रो दे मकाती’ 52,800 पेसोंना घेतली. लग्नसंबंधांतून रोहास, आयाला आणि झोबेल ही घराणी एक झाली आणि जहागीर त्यांच्याकडेच राहिली. तेव्हा गावाची ओळख होती ती कुंभारकामामुळे.

1937 मध्ये इथे नीलसन विमानतळ सुरू झाला. डिसेंबर 1941 मध्ये जपानी विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले. 1945 च्या लढाईत जुने मनिला बेचिराख झाले. 1948 मध्ये विमानवाहतूक दुसरीकडे गेली आणि राजधानीच्या अगदी लगत एवढी मोठी सलग जमीन मोकळी झाली.

खरी कलाटणी इथेच मिळाली. घराण्याचे जावई जोसेफ मॅकमिकिंग यांनी जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकून मोकळे होण्याऐवजी आधी सगळ्या भागाचा आराखडा केला. अमेरिकन गव्हर्नर-जनरल फोर्ब्स यांच्या नावाची फोर्ब्स पार्क ही श्रीमंतांची वसाहत उभी राहिली. मागोमाग कचेऱ्या, बँका आणि दुकाने आली. मालक एकच असल्यामुळे रस्ते आधी आणि इमारती नंतर, हा क्रम इथे पाळता आला. वाटण्या झालेल्या जमिनीवर तो सहसा जमत नाही.

विमानतळाच्या दोन धावपट्ट्याही वाया गेल्या नाहीत. एकीवरून आयाला अ‍ॅव्हेन्यू झाला, दुसरीवरून पासेओ दे रोहास. दोन्ही नावे जमीनदारांचीच. आज त्यांच्यामधल्या त्रिकोणी जागेत बाग आहे.

2 जानेवारी 1995 रोजी मकातीला शहराचा दर्जा मिळाला. नीलसन विमानतळाचा जुना नियंत्रण मनोरा उंच इमारतींच्या गर्दीत अजून उभा आहे.