एका तारेवर किती जण?

बंगळूरला पोस्टिंग आल्यावर पहिल्या रविवारी मी महादेवपुऱ्याहून जवळच्या दूरवाणीनगरला जाऊन आलो. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे टेलिफोन. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची ही वसाहत. (गावाकडे आयटीआय म्हटलं की फिटर-वेल्डरचा कोर्स आठवतो, हे ते नव्हे.) आपल्या सैन्याच्या ॲस्कॉन या संपर्क जाळ्याच्या चौथ्या टप्प्याचं सुमारे ७,७९६ कोटींचं काम २०२० मध्ये याच कंपनीला मिळालं. सिग्नल्सच्या माणसाला हे देवदर्शनच.

महादेवपुऱ्यात मात्र डोळ्यांत भरते ती खोदाई. मेट्रो, पाणी, ड्रेनेज, प्रत्येकाचा खड्डा वेगळा. इथल्या इमारतींना जास्त वेगाचं इंटरनेट हवं असेल तर प्रत्येक वेळी नवी केबल टाकायची का? गरज नाही. घरोघरी आलेल्या काचेच्या एकाच धाग्यातून निरनिराळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकाच वेळी जाऊ शकतात. जुन्या जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजकडून घराकडे १४९० नॅनोमीटर आणि घराकडून परत १३१०. नव्या, दहा गिगाबिटच्या पद्धतीला मुद्दाम १५७७ आणि १२७० दिले. त्यामुळे पहिल्या मजल्यावरचे आजोबा जुन्याच मोडेमवर राहतात आणि चौथ्या मजल्यावरची कंपनी नव्यावर जाते, धागा तोच. एक्स्चेंजकडे दोन्ही प्रकाश एकत्र करणारा एक छोटा डबा बसतो आणि मोडेममधली गाळणी आपला प्रकाश तेवढा घेते.

ही युक्ती प्रकाशाच्याही आधीची आहे. १८७५ मध्ये ग्रॅहॅम बेल एका तारेवर वेगवेगळ्या सुरांत अनेक तारसंदेश पाठवायच्या मागे होता. त्या खटपटीतून टेलिफोन निघाला. पुढे हे काम एका फौजी माणसाने उचललं, याचा मला विशेष आनंद. अमेरिकन सिग्नल कोअरचा मेजर जॉर्ज स्क्वायर याने १९१० मध्ये वॉशिंग्टनला एकाच तारेवर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलणी करून दाखवली. जानेवारी १९११ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते त्याने जनतेला मोकळं करून दिलं. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीला, आपल्या कोअर ऑफ सिग्नल्सचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धातलं 'वन प्लस फोर' कॅरियर यंत्र याच वाटेवरचं. कॅरियर क्वाड केबलच्या चार तारांवर पाच बोलणी! लाइन पार्टीच्या जवानाला याचं मोल सांगावं लागत नाही. केबलचं ड्रम पाठीवर घेऊन चढ चढताना प्रत्येक वाचलेली तार खांद्याला कळते.

फायबरच्या बाबतीत आपला पहिला मान पुण्याचा. १९७९ मध्ये दोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर लाइन तिथे सुरू झाली. लांब पल्ल्याची अडचण वेगळी होती. प्रकाश क्षीण झाला की त्याची वीज करून पुन्हा प्रकाश करायचा आणि तेही प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगळ्या यंत्राने. मग एक धागा वाटून घेण्यात फायदा कसला? १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठात आणि बेल लॅब्समध्ये अर्बियम मिसळलेल्या काचेचा ॲम्प्लिफायर तयार झाला. तो १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या सगळ्या तरंगलांबी एकदमच वाढवतो. नव्वदच्या दशकात एकेका धाग्यावर डझनावारी चॅनेल धावू लागले ते त्यामुळे.

फौजीच्या डोक्यात मात्र दुसराच हिशोब चालतो. तारांच्या जमान्यात एक जोडी तुटली तर पाच बोलणी बंद पडायची. आज जेसीबीचा एक दात लागला की त्या धाग्यावरच्या सगळ्या तरंगलांबी एकाच क्षणी जातात. मी इथे असताना पावसाळ्यात असंच झालं. कोणाच्या तरी खोदाईत केबल गेली आणि आमच्या भाड्याच्या घरासकट अख्खी गल्ली दोन दिवस अंधारात. घरमालकांकडे दोन कंपन्यांची कनेक्शनं होती, ती दोन्हीही बंद. मी खड्ड्यात डोकावून पाहिलं. दोघांच्या केबल एकाच पाइपातून गेल्या होत्या.