पोटगीचा आदेश आणि गाव बदलणारा पती

भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगार मंदी आली की मालेगाव, इचलकरंजी किंवा सुरत गाठतो. त्याच्याविरुद्ध पोटगीचा आदेश झालेला असेल, तर धामणकर नाक्याजवळ मुलांसह राहणाऱ्या पत्नीला प्रश्न पडतो : भिवंडीच्या न्यायालयाचा आदेश इचलकरंजीत चालेल काय, की सारे पुन्हा पहिल्यापासून?

पहिल्यापासून काहीही करावे लागत नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ खालील आदेश कलम १२८ नुसार, पती जेथे असेल तेथील कोणत्याही दंडाधिकाऱ्याकडून अमलात आणता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १४७ मध्ये आहे. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती आठवणीने मागून घ्यावी. नव्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्याने पाहायचे ते एवढेच, की पक्षकार तेच आहेत आणि रक्कम थकलेली आहे. त्यामुळे विवाहाचा दाखला, छायाचित्र, ओळखपत्र आणि महिनावार थकबाकीचा तक्ता जवळ असावा. पोटगी मुळात द्यावी की नाही, हा वाद तेथे उकरून काढता येत नाही.

खरी अडचण मुदतीची. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. पतीचा ठावठिकाणा शोधण्यातच कित्येकींचे हे वर्ष सरते. म्हणून पत्ता हाती येईपर्यंत थांबू नये. मूळ न्यायालयात अर्ज दाखल करून ठेवावा. वॉरंटनंतरही रक्कम न भरल्यास प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दिवाणी न्यायालयाने दिलेल्या पोटगीच्या हुकूमनाम्याची गोष्ट निराळी. तेथे खरोखरच वर्गीकरण लागते : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ नुसार अर्ज केल्यावर मूळ न्यायालय हुकूमनाम्याची प्रत आणि किती वसुली बाकी आहे याचा दाखला दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवते. ही कागदपत्रे पोहोचली की नाही, याची चौकशी अर्जदारानेच करत राहावी. टपालात महिने जातात.