गेलेल्या फेजचे रखवालदार

1891 साली फ्रँकफर्टच्या विद्युत प्रदर्शनात एक कृत्रिम धबधबा होता. त्याचं पाणी वर चढवणाऱ्या पंपाला शंभर अश्वशक्तीची मोटार जोडलेली होती आणि तिची वीज 175 किलोमीटरवरच्या लाउफेनहून तीन तारांनी येत होती. पिंजऱ्याच्या रोटरची ही थ्री फेज मोटार मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी 1889 मध्ये घडवली. तिचं पहिलं मोठं नाव झालं ते पाणी उपसूनच. आपल्या विहिरींवरही ती हेच करते.

ही मोटार मोठी चिवट, आणि तिचा घात होतो तो या चिवटपणानेच. उभ्या मोटारीचा एक फेज गेला तर ती घुमते, हलत नाही. पण फिरत्या मोटारीचा गेला तर ती उरलेल्या दोघांवर फिरतच राहते. पाणी तेवढंच द्यायचं म्हणून पावणेदोन पटीच्या आसपास करंट ओढते आणि आतून शिजत जाते.

पहिला रखवालदार फ्यूज. एडिसनने त्याचं पेटंट 1880 मध्येच घेतलं होतं, दिव्यांसाठी. दिव्याला एक फ्यूज पुरतो. मोटारीला तीन लागतात आणि तिन्ही एकदम सहसा उडत नाहीत. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक उडाला, की त्याच्यावरच्या सगळ्या मोटारी दोन फेजवर येतात. रखवालदारानेच दार उघडून द्यावं, असा हा प्रकार.

मग स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आला. त्याच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी. तापली की वाकते. ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने सागरी घड्याळासाठी वापरली होती. पट्ट्या बरीच वर्षं दोनच फेजमध्ये बसवत, कारण तिसरीचे पैसे वाचत. पण डीपीच्या अकरा केव्हीच्या बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पडला, तर मोटारीच्या एका तारेतून इतर दोघींच्या दुप्पट करंट जातो. ती तार नेमकी बिनपट्टीची निघाली, की मोटार गेलीच. अमेरिकेच्या वायरिंग संहितेने तीन पट्ट्यांची सक्ती केली ती 1971 मध्ये.

तिसरी पट्टी येऊनही एक पळवाट उरली. डेल्टा जोडणीच्या मोटारीवर निम्म्याच्या थोडा वर लोड आहे आणि एक फेज गेला, असं धरा. तारेतला करंट वाढून जेमतेम रेटिंगला टेकतो; रिलेच्या लेखी सगळं ठीक. आत मात्र एकाच वाइंडिंगवर रेटिंगपेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त करंट असतो. रिवाइंडिंगवाल्याकडे अशी मोटार उघडली की गुन्हा लगेच दिसतो: ठरावीक अंतरावरचे कॉइलचे गट कोळसा झालेले, मधले पिवळेधमक. डेल्टात एक फेज जळतो, स्टारमध्ये दोन. सरसकट काळी पडलेली मोटार बहुधा नुसत्या ओव्हरलोडची. पुढच्या रिलेंमध्ये दोन सरकपट्ट्या आल्या. एक जोडपट्टी थंड पडली की त्या वेगवेगळ्या सरकतात आणि रिले लवकर ट्रिप होतो.

व्होल्टेज मोजून फेज गेल्याचं ओळखणंही वाटतं तितकं सोपं नाही. फिरती मोटार मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. टेस्ट लॅम्प लावा, तिन्हीकडे पेटेल.

खरी चावी मिळाली 1918 मध्ये. असमतोल पुरवठ्यावर मोटार कशी वागते याचा अभ्यास करताना चार्ल्स फोर्टेस्क्यूने दाखवलं, की कुठलाही असमतोल तीन घटकांत फोडता येतो आणि त्यातला एक मोटारीला उलट फिरवू पाहतो. या उलट्या घटकाच्या दृष्टीने फिरती मोटार जवळजवळ शॉर्टच. म्हणून व्होल्टेजमधला पाच टक्के बिघाड करंटमध्ये तीसपर्यंत जाऊ शकतो. फार पुढे इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झालं तेव्हा हा उलटा घटक हुडकणारी डबी विहिरीवरच्या पेटीत येऊन बसली: सिंगल फेज प्रिव्हेंटर. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतला खरा हुशार वारस हाच.

आणि नेमका त्यालाच आपण बायपास केला. भारनियमनात थ्री फेज बंद ठेवून गावाला फक्त दिव्यापुरती सिंगल फेज द्यायची योजना आली. फेज जाणं हा बिघाड राहिला नाही, ते वेळापत्रक झालं. पीक वाळत असताना कोण थांबेल? कंडेन्सर लावून तिसरा फेज उभा केला गेला. ही जोडणी जुनीच, विद्युत अभियंता स्टाइनमेट्झच्या नावाने ओळखली जाणारी. पण त्या ओढूनताणून केलेल्या फेजवर प्रिव्हेंटर ट्रिप होणारच, म्हणून त्याच्या वायरी काढून बाजूला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रिवाइंडिंगचा खर्च आणि वाळलेला ऊस यांचा हिशेब त्याने केलेला असतो.

पुढे गावठाणाचे फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळे झाले. आता सौर पंप येताहेत. एसी मोटारीच्या सौर पंपात पॅनेलच्या डीसीपासून तिन्ही फेज विहिरीशेजारच्या कंट्रोलरमध्येच तयार होतात. मध्ये ना डीपी, ना डीओ. बोअरमध्ये केबल घासून एक वायर तुटली तर फेज तिथेही जातोच. तेव्हा मोटार बंद करायचं काम त्या कंट्रोलरचं.