नवा टॅब कुठे बसणार? ब्राउझरच्या पंगतीचा छोटा इतिहास

संगणकाच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण यंत्रं, कंपन्या, कोर्टकचेऱ्या अशा मोठ्या गोष्टींकडे जातो. आज आम्ही मुद्दाम एक बारीक प्रश्न घेतला आहे. ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडला की तो कुठे बसतो? रांगेच्या शेवटी, की ज्या पानावरून उघडला त्या पानाच्या शेजारी? प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याचं उत्तर ठरवायचा हक्क कोणाचा, यावरून जे घडलं ते किरकोळ नाही. ते आज पाहू.

पंगतीचंच उदाहरण घेऊ. पंगत बसली आहे आणि मागून एक पाहुणा आला. एक रीत अशी की, जो आला तो शेवटच्या पानावर बसेल. दुसरी रीत अशी की, ज्याच्याबरोबर आला त्याच्या शेजारी जागा करायची, बाकीच्यांनी थोडं सरकायचं. दोन्ही रीती बरोबरच आहेत. फरक पंगत लांबली की कळतो.

टॅब ही कल्पना बरीच जुनी आहे. १९९४ सालच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरमध्ये ती दिसते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेटकॅप्टरने ती पुढे नेली, २००१मध्ये मोझिलाच्या ब्राउझरमध्ये टॅब आले, २००३मध्ये सफारीत. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र २००६ साल, म्हणजे सातवी आवृत्ती, उजाडावी लागली. सुरुवातीच्या काळात चार-पाच टॅब म्हणजे खूप झाले. त्यामुळे नवा टॅब शेवटी जोडणं कोणाला खटकलं नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही यादीच्या शेवटी भर घालणं सगळ्यात सोपं.

पुढे लोक वीस-वीस, तीस-तीस टॅब उघडू लागले. तिसऱ्या टॅबमधल्या लेखातली लिंक उघडली तर ती एकतिसाव्या जागी जाऊन पडायची. ती शोधायला पूर्ण रांग ओलांडा, वाचून झालं की पुन्हा मागे या. दिवसातून शंभर वेळा हे करणाऱ्याला तो त्रास किरकोळ राहत नाही.

इथे एक्स्टेन्शनं आली. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ची. तिची मोठी ताकद म्हणजे खिडकीतली बटणं, मेनू, टॅबची पट्टी हे सगळं झूल नावाच्या भाषेत लिहिलेलं होतं. पोळ्याला बैलावर घालतात ती झूल वेगळी, पण योगायोगाने अर्थ जुळतो. ब्राउझरचं बाहेरचं सगळं रूप या झुलेत होतं, आणि एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला त्या झुलेवर आपली ठिगळं थेट शिवता येत होती. नुसती वरून चिकटवलेली नव्हेत. टॅब तयार करणारं जे फंक्शन ब्राउझरच्या आत होतं, तेच बदलून टाकता येत होतं.

टॅब मिक्स प्लस हे या जातीतलं सगळ्यात गाजलेलं नाव. त्यात नवा टॅब चालू टॅबच्या शेजारी उघडायची सोय होती, आणि उघडण्याचा क्रम बदलायचीही. हा क्रम म्हणजे काय भानगड? समजा एका पानावरून आपण अ, ब, क अशा तीन लिंका ओळीने उघडल्या. प्रत्येक टॅब मूळ पानाच्या अगदी शेजारी बसवला, तर रांगेत क, ब, अ असा उलटा क्रम लागतो. म्हणजे ‘शेजारी’ हा शब्दसुद्धा सरळ नाही. नव्याने आलेल्याला यजमानाला चिकटून बसवायचं, की यजमानाच्या आधीच्या पाहुण्यांनंतर? हे बारकावे एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी फावल्या वेळात सोडवले.

सप्टेंबर २००८मध्ये क्रोम आला. त्यात लिंकमधून उघडलेला टॅब मूळ टॅबच्या शेजारीच बसायचा. जानेवारी २०१०मध्ये फायरफॉक्सच्या ३.६ आवृत्तीने तीच रीत धरली, आणि अ, ब, क हा क्रमही सरळ ठेवला. ज्यांना जुनी सवय मोडायची नव्हती त्यांच्यासाठी आतल्या सेटिंगांमध्ये एक कळ ठेवली. म्हणजे बघा, एक्स्टेन्शनवाल्यांनी आधी दिलेली सोय पुढे ब्राउझरच्या अंगात शिरली. पण लिंकपुरतीच. रिकामा नवा टॅब मागितला, तर तो अजूनही रांगेच्या शेवटीच जायचा.

आता कथेचं वळण. ऑगस्ट २०१५मध्ये मोझिलाने जाहीर केलं की झुलेवर आधारलेली एक्स्टेन्शनं बंद होणार. त्यामागे कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. जे एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आतलं काहीही बदलू शकतं, ते चांगल्या हेतूने टॅब हलवू शकतं, तसंच वाईट हेतूने पासवर्डही वाचू शकतं. शिवाय ब्राउझरचा आतला भाग बदलला की एक्स्टेन्शनं मोडायची, आणि ती मोडू नयेत म्हणून ब्राउझरच बदलता येईना. वेगवेगळी पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची तर या जुन्या शिवणी उसवाव्याच लागणार होत्या. १४ नोव्हेंबर २०१७ला फायरफॉक्स ५७ आला आणि त्यात जुनी एक्स्टेन्शनं चालेनाशी झाली. वर्षानुवर्षं केलेलं काम एका आवृत्तीत थांबलं. काही वापरकर्ते दीर्घ मुदतीच्या ५२व्या आवृत्तीवर थांबून राहिले, काही पेल मूनसारख्या जुनी पद्धत जपणाऱ्या ब्राउझरकडे गेले.

नवी पद्धत क्रोमच्या धर्तीवर होती. तिच्यात एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या आत हात घालता येत नाही. ब्राउझर फक्त निरोप देतो की ‘नवा टॅब उघडला’. मग एक्स्टेन्शन म्हणतं, ‘त्याला अमुक जागी हलव’. आमच्या मते या इतिहासाचं मर्म इथे आहे. आधी एक्स्टेन्शनला टॅब बसण्यापूर्वी विचारलं जायचं. आता बसल्यावर कळवलं जातं. पाहुणा शेवटच्या पानावर बसतो, आणि मग कोणीतरी त्याला उठवून दुसरीकडे नेतं. त्यामुळे टॅब डोळ्यांदेखत उडी मारताना दिसू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, ब्राउझर बंद करून कालचे टॅब परत आणले, की तेही ‘नवा टॅब’ म्हणूनच कळवले जाऊ शकतात. एक्स्टेन्शन गाफील असेल तर सगळी जुनी रांग विस्कटते. निरोपात टॅब उघडल्याचं कळतं, तो का उघडला हे दर वेळी कळत नाही.

मोझिलाने यावर जे केलं ते नोंदवण्यासारखं आहे. जून २०१८च्या ६१व्या आवृत्तीत एक्स्टेन्शनना टॅबची जागा ठरवणारं सेटिंगच बदलायची परवानगी मिळाली. पर्याय तीन : चालू टॅबनंतर, फक्त लिंकवाले टॅब शेजारी, किंवा सगळे शेवटी. आता पाहुण्याला उठवायची गरज नाही, पंगतीची रीतच बदलता येते. आत हात न घालू देता विचारणा पुन्हा ‘आधी’ आणता येते, हे यातून सिद्ध झालं.

क्रोमने मात्र असं सेटिंग दिलं नाही. तिथे एक्स्टेन्शनं आजही टॅब बसल्यावर हलवतात. तांत्रिक अडचण आहे का? विवाल्डी हा ब्राउझर क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, उभा आहे आणि त्यात नव्या टॅबची जागा सरळ निवडता येते. म्हणजे अडचण पायाची नाही, निवडीची आहे. प्रत्येक सेटिंग म्हणजे सांभाळायची एक जास्तीची गोष्ट, हा त्यामागचा हिशेब असू शकतो, आणि तो अगदीच गैर नाही. पण मग तो खर्च वापरणाऱ्याच्या अंगावर पडतो, दिवसातून शंभर वेळा.

सुरक्षा हवी की मोकळीक, असा हा वाद नेहमी मांडला जातो. आम्हांला तो तसा वाटत नाही. फायरफॉक्स ६१ने दाखवलं की सुरक्षा राखूनही विचारता येतं. खरा प्रश्न असा असतो की माणसाला निर्णयाआधी विचारायचं, की निर्णय झाल्यावर कळवायचं. टॅबच्या पट्टीवर हा प्रश्न छोटा दिसतो. आपल्या रोजच्या वापरातल्या किती यंत्रांना, किती ॲपांना आणि किती कार्यालयांना तो लावता येईल, याचा विचार आपण करावा.